सतराव्या ओळीतला जास्तीचा टाका

सावकाशरावांचं हे नाव आईवडिलांनी ठेवलं नव्हतं. ते ऑफिसनं ठेवलं, आणि आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा कितीतरी जास्त चाललं. ओळखपत्रावरचं स्वतःचं खरं नाव कुणी मोठ्यानं वाचलं, तर तेसुद्धा इकडेतिकडे बघत, की हे गृहस्थ कोण बुवा?

नाव पडायला कारण होतं. सावकाशराव जगातली कुठलीही गोष्ट पहिल्यापासून वाचत. वर्तमानपत्र हातात आलं की मथळा नाही, वरच्या कोपऱ्यातला अंकाचा क्रमांक आधी. औषधाच्या बाटलीबरोबर जो पातळ कागद बत्तीस घड्या घालून येतो, तो पुरता वाचलेला दुसरा माणूस आमच्या पाहण्यात नाही. खोकला बरा व्हायचा, कागद संपायचा नाही. सिनेमाला गेले तर शेवटच्या नामावळीत दिवे धरणाऱ्याच्या मदतनीसाचं नाव येऊन जाईपर्यंत उठायचे नाहीत. झाडूवाला त्यांच्या पायाशी येऊन म्हणायचा, “साहेब, पाय वर घ्या.” ते पाय वर घ्यायचे आणि वाचत राहायचे.

अशा माणसाला कामही बेतून शिवल्यासारखं मिळालं होतं. ते एक लायब्ररी सांभाळत. आता हे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्यांच्या सासूबाईंसारखं व्हायचं. जावई लायब्ररी सांभाळतो एवढंच कानावर पडल्यामुळे त्या पंधरा वर्षं त्यांच्याकडे नवीन कादंबऱ्या मागत होत्या. आणि त्या आणून देता येत नाहीत म्हणजे जावई कंजूष, असं त्यांचं पक्कं मत होतं.

संगणकाच्या जगात लायब्ररी म्हणजे तयार सुट्या भागांची पेटी. दुसरे लोक आपापले प्रोग्राम लिहितात आणि लागेल तो भाग या पेटीतून उचलून बसवतात. सावकाशरावांच्या भागाचं काम एवढंसं होतं: अवतरणचिन्हांमध्ये लिहिलेला मजकूर वाचायचा आणि आतलं तेवढं काढून द्यायचं. शेंगा सोलून दाणे वाटीत टाकावेत तसं.

यात काय मोठं, असं सगळ्यांनाच वाटतं. पहिलं चिन्ह दिसलं की मजकूर सुरू, पुढचं दिसलं की संपला. पण मजकुराच्या पोटातच कुणाला अवतरणचिन्ह लिहायचं असलं तर? मग त्याच्या आधी एक बॅकस्लॅश टाकायचा, म्हणजे डावीकडे मान टाकलेली ती तिरकी रेघ. ही रेघ म्हणजे दारावरच्या शिपायाच्या कानात सांगितलेला निरोप, की माझ्या मागून येतोय तो आपलाच माणूस, त्याला पाहून दार लावू नका. आणि खुद्द तिरकी रेघच लिहायची असली तर? तर दोन टाकायच्या. पहिली दुसरीची ओळख देते, म्हणून दुसरी आत येते.

बस, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये सावकाशरावांची बावीस वर्षं गेली, आणि मजेत गेली.

त्यांचा भाग त्यांच्यासारखाच वाचायचा: पहिल्या अक्षरापासून, एकेक अक्षर, बोट ठेवून. आणि त्यांची एक पद्धत होती. कुणाची तक्रार आली की ते चूक दुरुस्त करत आणि त्या तक्रारीची एक चाचणी करून ठेवत. चाचणी म्हणजे परीक्षेतला छोटा प्रश्न: हा मजकूर दिला तर हेच उत्तर यायला हवं. भागात पुढेमागे काहीही बदललं की सगळे प्रश्न एकदम सोडवायला लावायचे. एक जरी नापास झाला, तर समजायचं, नवीन करताना जुनं काहीतरी मोडलं. अशा दोनशे अकरा चाचण्या साठल्या होत्या. तक्रार कुणाची आणि कशाबद्दल, हे मात्र ते निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत पेनानं लिहीत. का, तर संगणकाचा काय भरवसा! अर्थात संगणकाच्या ऑफिसात त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

घरी दोघंच. लेक नोकरीच्या गावी. बायको सकाळी एका दवाखान्यात रुग्णांना नंबर देण्याचं काम करायची आणि दुपारनंतर विणायची. घरात किटलीला स्वेटर होता, उशांना होता, एका कुंडीलाही होता. आणि विणता विणता ती बोलायची. तिच्या बोलण्याची एक गंमत होती. ती स्वतःचं असं फारसं काही बोलतच नसे, सगळं दुसऱ्यांचंच.

“मग ताई मला म्हणते, ‘वहिनी काय म्हणाल्या माहितीये? म्हणे डॉक्टर मावशीला स्पष्ट म्हणाले, गुडघा वापरलात तर टिकेल, रोज चालत जा, पण ऐकतंय कोण, आणि परवा बघते तर रिक्षातून उतरत होती!’”

“थांब जरा,” सावकाशराव म्हणायचे. “‘ऐकतंय कोण’ हे डॉक्टर म्हणाले की वहिनी?”

“वहिनी.”

“मग डॉक्टर कुठे संपले?”

“‘चालत जा’पाशी.”

“आणि रिक्षातून उतरताना कुणी बघितलं?”

“ताईनं. वहिनी तोवर संपल्या होत्या.”

“हां. चालू दे.”

तिच्या माहेरचे सगळे पुरुष अशा वेळी मान डोलवत दुसऱ्या खोलीत जात. कोण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं याचा हिशेब ठेवणारा श्रोता तिला एकच भेटला होता, आणि त्याच्याशीच तिचं लग्न झालं होतं. पस्तीस वर्षांच्या संसाराचं यापलीकडे दुसरं रहस्य शोधायचं कारण नाही.

ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर ‘तुफान’ बसायची. सव्वीस वर्षांची मुलगी. जिना उतरताना दर तिसऱ्या पायरीलाच पाय लावायची आणि चहा वाफ जायच्या आत संपवायची. वर्षभरानं सावकाशराव निवृत्त झाले की त्यांचा भाग तिच्याकडे जायचा होता. एके दिवशी ती म्हणाली, “काका, तुमचा हा भाग मजकूर वाचतो की पाठ करतो?”

“का गं?”

“सगळ्यांचे प्रोग्राम सुसाट पळतात आणि तुमच्यापाशी आले की रांगेत उभे राहतात. रेशनच्या दुकानासारखे.”

बोलून ती विसरलीही. पण काही टोमणे असे असतात की मारणारा विसरतो आणि खाणाऱ्याला पचत नाही. एकोणसाठाव्या वर्षी सावकाशरावांना अचानक वेगाची हौस आली. चार दिवस खपून त्यांनी वाचायची पद्धतच बदलली. आता भाग अक्षर न् अक्षर वाचायचा नाही. एकदम उडी मारून पुढच्या अवतरणचिन्हाशी जायचा आणि तिथे मागे वळून फक्त एक नजर टाकायचा: याच्या आधी तिरकी रेघ आहे का? नसली तर मजकूर संपला. असली तर हे चिन्ह आतलं, म्हणजे पुन्हा उडी.

वेग चौपट झाला. दोनशे दहा चाचण्या पास. एक नापास, त्रेचाळीस नंबरची.

तुफान त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघू लागली. त्रेचाळीसमध्ये अक्षर नव्हतं, आकडा नव्हता. नुसते ठिपके, आणि डावी-उजवीकडे कललेल्या रेघांचा हा ढीग.

“हे कुणी लिहिलंय?” तिनं विचारलं.

“आठवत नाही. वहीत असेल.”

“मला वाटतं कुणाचं तरी मांजर कीबोर्डवर झोपलं होतं.”

सावकाशराव हसले. वही घरी माळ्यावर होती, ट्रंकेत. घराला रंग दिला तेव्हा जी वर गेली ती गेलीच. शिडी लावा, चढा, ट्रंक ओढा. आणि डॉक्टरांनी ज्या गुडघ्याबद्दल सांगितलं होतं, तसलेच दोन गुडघे सावकाशरावांनाही होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट न वाचता पान उलटलं. त्रेचाळीस नंबर बंद करून टाकली. नवा भाग बाहेर पडला, ऑफिसात टाळ्या झाल्या, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं बारसं नव्यानं केलं: सुसाटराव!

नाव असं की माणसाला चढतंच. सुसाटराव जिन्यानं जाऊ लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत सुसाट, तिसऱ्यावर धाप.

सहा महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, खालून पहारेकऱ्याचा फोन आला, की एक बाई आल्यात, हातात पिशवी आहे, आणि थांबायला तयार नाहीत. फोन ठेवेपर्यंत बाई वर पोचल्यासुद्धा होत्या. साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि खांद्यावर तीन रंगांच्या लोकरीचे तंतू.

“इथे ते सावकाश म्हणतात ते कोण?”

“हे,” तुफाननं बोट दाखवलं. “पण आता ते सुसाट आहेत.”

“तेच तर म्हणते मी! सावकाश होते तोवर माझं बरं चाललं होतं.”

बाईंनी पिशवीतून लहान मुलाचा हिरवा स्वेटर काढून टेबलावर पसरला. खालच्या काठापासून एका मोठ्या पानाची नक्षी वर चढत होती. देठ होता, शिरा फुटत होत्या, पान रुंद होत होतं, आणि एकाएकी सगळं गायब. तिथून गळ्यापर्यंत नुसती सपाट वीण. पुढचं पाठ, मागचं सपाट म्हणतात, ते लोकरीत उतरलेलं सुसाटरावांनी प्रथमच पाहिलं.

बाईंचा दोन खोल्यांचा विणकामाचा कारखाना होता. एक विणयंत्र, त्याला जोडलेला संगणक. नक्षी त्या संगणकात लिहून ठेवलेली: स्वेटरची एक ओळ म्हणजे फाइलमधली एक ओळ, प्रत्येक ओळ अवतरणचिन्हांत. ठिपका म्हणजे साधा टाका. उजवीकडे झुकलेली रेघ म्हणजे उजवीकडे झुकता टाका, डावीकडची म्हणजे डावीकडे झुकता. तेरा वर्षं ती फाइल बिनबोभाट चालली. गेल्या आठवड्यात यंत्राचा कारागीर आला आणि त्यानं आतला प्रोग्राम नवा करून दिला. तेव्हापासून पान अर्ध्यात मरत होतं.

“तो म्हणाला, ओळी वाचायचं काम तुमचा भाग करतो. एवढं सांगून फिरतीवर गेला, सोमवारी येईल. फोन लागत नाही. जुनं होतं ते पुसून गेलाय शहाणा.”

“मग सोमवारी...”

“शनिवारी सकाळी शाळेची गाणारी मुलं वर डोंगरावर जाणार. उघड्यावरचं व्यासपीठ, आणि थंडी अशी की सूर गोठावा. अठ्ठावीस स्वेटर. एकाला चाळीस मिनिटं लागतात. उद्या दुपारी यंत्र सुरू झालं तर शिवून-बिवून शुक्रवारी संध्याकाळी होतील. नाही झालं, तर नाहीत.”

“साधे सपाट दिले तर?” तुफान म्हणाली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट पाहिलं. “सपाट तर बाजारातही मिळतात, बाळ. हे पान म्हणजे त्या गाणाऱ्या मुलांची खूण आहे. मोठ्यांच्या अंगावर बघून बघून धाकटी वर्षभर वाट बघतात, आपल्याला कधी मिळणार म्हणून. त्यांना काय सांगू? पान यायचं होतं, पण काकांना घाई होती?”

फाइल मात्र बाईंकडे नव्हती. ती यंत्रात. “यंत्र काय पिशवीत घालून आणू?” पण चौकटीच्या कागदावर हातानं काढलेली मूळ नक्षी त्यांनी आणली होती. सुसाटरावांनी त्यावरून पहिल्या दहा ओळी टाइप केल्या, डावीकडे झुकलेल्या तिरक्या रेघेच्या जागी नियमाप्रमाणे दोन-दोन रेघा टाकून. भाग चालवला. दहाच्या दहा ओळी जशाच्या तशा बाहेर आल्या. आणि मग त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे त्यांच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून कधी ना कधी निघतंच.

“बाई, माझ्याकडे तर नीट चालतंय.”

“मग मुलांना शनिवारी तुमच्याकडेच पाठवू का?”

बाई उठल्या. कागद आणि स्वेटर दोन्ही टेबलावर ठेवले. “राहू दे तुमच्याकडे. नुसता समोर ठेवलात तरी कळेल, थंडी कुठून शिरते ते.”

संध्याकाळी सुसाटराव घरी आले ते जिन्यानं नाही, लिफ्टनं. बायकोनं चहा ठेवला आणि पिशवीतून डोकावणारी हिरवी बाही ओढून स्वेटर बाहेर काढला. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ती ऐकता ऐकता स्वेटर दिव्याखाली धरून काठापासून बोटानं मोजायला लागली.

“अगं, खालून कशाला मोजतेस? खाली सगळं ठीक आहे. बिघाड वर आहे.”

“बिघाड वर दिसतोय. असतो खाली. इतकी वर्षं विणते मी, मला सांगू नका.”

ती पहिल्या ओळीपासून टाके मोजत चालली. चाळीस. चाळीस. चाळीस. चहा आला, निवला, साय धरली. ती मोजत होती. सतराव्या ओळीच्या शेवटी तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा मोजले.

“यात एक्केचाळीस आहेत.”

“असं कसं?”

“हे बघा. पानाचं टोक या ओळीत अगदी काठापर्यंत आलंय. शेवटचा टाका डावीकडे झुकता. तिथे ओळ संपली. पण त्याच्या पुढे हा एक साधा टाका आहे, उपरा. कुठून आला कोण जाणे.” तिनं स्वेटर त्यांच्या पुढ्यात सरकवला. “तुमच्या यंत्राला कळलंच नाही, ओळ कुठे संपली ते. मला विचारता ना, डॉक्टर कुठे संपले, वहिनी कुठे संपल्या? तसं याला विचारा की.”

सुसाटरावांनी कागद पुढे ओढला. सतरावी ओळ. शेवटचा टाका डावीकडे झुकता. म्हणजे फाइलमध्ये शेवटी दोन तिरक्या रेघा, आणि लगेच ओळ बंद करणारं अवतरणचिन्ह. त्यांनी पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं:

\\"

आणि बघत राहिले. पहिली रेघ दुसरीची ओळख देते. दुसरी म्हणजे खुद्द टाका. त्यांची ओळखपाळख तिथेच आटोपली. मागून येणारं अवतरणचिन्ह खरोखरच दार लावायला आलेलं. पण त्यांचा नवा भाग सुसाट उडी मारून चिन्हाशी आला, मागे वळून एकच नजर टाकली, रेघ दिसली, आणि म्हणाला, ‘या या, तुम्ही आतलेच.’ ती रेघ आधीच दुसऱ्या कुणाच्या ओळखीची आहे, हे पाहायला त्याला सवड नव्हती.

मग पुढचं सगळं उलगडत गेलं, एक टोक ओढल्यावर वीण उसवावी तसं. सतरावी ओळ बंद झाली नाही, ती अठरावीच्या सुरुवातीच्या चिन्हाला शेवट समजून तिथे थांबली. तिथून पुढे सगळं आतबाहेर. नक्षी चिन्हांच्या बाहेर पडली, आणि दोन ओळींमधली रिकामी जागा आत. चिन्हांच्या बाहेर जे असेल ते टिपण समजून टाकून द्यायचं, हा त्यांच्याच भागाचा नियम. यंत्राला मिळत गेल्या नुसत्या रिकाम्या ओळी, आणि रिकामी ओळ म्हणजे साधी वीण. ओळींची संख्यासुद्धा बरोबर जुळली, म्हणून कुणी ओरडलं नाही.

आणि तो उपरा टाका? यंत्राला जी खूण कळत नाही तिथे ते साधा टाका घालतं. सतराव्या ओळीच्या टोकाला सुसाटरावांचं अवतरणचिन्हच लोकरीत विणून आलं होतं.

ते उठले. “शिडी कुठे आहे?”

“आत्ता? अहो, गुडघा!”

“वापरला तर टिकेल.”

“असं डॉक्टर म्हणाले,” बायको शिडी धरत म्हणाली, “मी नाही.”

ट्रंकेत चादरींच्या खाली निळी वही होती. त्यांनी ती शिडीवरच उघडली. त्रेचाळीस नंबरपुढे त्यांच्याच अक्षरात, तेव्हा ते अक्षर जरा टपोरं होतं, लिहिलेलं होतं: ‘विणयंत्राचा कारागीर, लोकरवाल्या बाईंसाठी. पानाचं टोक. ओळ तिरक्या रेघेवर संपते. हे मोडलं तर मुलांचे स्वेटर बिघडतात.’

माळ्यावरून खाली यायला त्यांना बराच वेळ लागला. गुडघ्यामुळे नव्हे.

“मला मांजर वाटलं होतं गं,” ते म्हणाले.

“कोण?”

“तुफान म्हणाली मांजर असेल, आणि मी हसलो.”

बायकोनं विचारलं नाही, की मांजर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं. चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

बुधवारी ऑफिस उघडायच्या आधी ते दारात उभे होते. तुफान आली तोवर जुना भाग, एकेक अक्षर वाचणारा, परत जागेवर बसला होता. तिनं सगळं ऐकलं, पडद्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

“काका, पण वेग कशाला सोडायचा? मागे वळून एकच रेघ नको बघायला, ओळीनं सगळ्या मोजू. सम आल्या तर दार लावायचं, विषम आल्या तर नाही!”

“अगदी बरोबर आहे तुझं.”

“मग?”

“करशील तू. नीट तपासून, सावकाश करशील. पण आज नाही. आज मुलांना थंडी वाजतेय.”

टेबलावरचा चहा तिनं निवू दिला. हा तिचा पहिलाच प्रसंग. मग म्हणाली, “ते मांजराचं मीच म्हणाले होते.”

“म्हणालीस तू. पण बंद मी केली.”

त्यांनी त्रेचाळीस नंबर पुन्हा सुरू केली. दोनशे अकरा पास. मग त्यांचा भाग वापरणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना लिहिली: नव्या भागात चूक आहे, जुना परत घ्या, चाचणीनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. साहेब म्हणाले, शेवटचं वाक्य काढा, बरं दिसत नाही. सावकाशराव म्हणाले, “राहू द्या.” एवढं बोलून ते दुरुस्त भाग खिशात घालून बाईंच्या कारखान्याकडे निघाले.

कारखाना एका शिंप्याच्या दुकानावर होता. पहिल्या खोलीत छतापर्यंत लोकरीचे गोळे, रंगवार लावलेले. दुसऱ्या खोलीत खिडकीपाशी यंत्र, आणि भिंतीवर तेरा वर्षांचे तेरा फोटो. प्रत्येकात तोंडं निराळी, पान एकच. सावकाशरावांनी ते सगळे पहिल्यापासून बघितले. बाई म्हणाल्या, “बघून झालं असेल तर हात चालवा.”

भाग बसवला. बाईंनी हिरवा धागा ओवला आणि कळ दाबली. यंत्राचा सरकता डोलारा सुयांवरून जाऊ-येऊ लागला, खर्र-खट्, खर्र-खट्. काठ झाला. देठ आला. शिरा फुटल्या. सावकाशराव ओठांतल्या ओठांत मोजत होते. बाई यंत्राकडे बघतच नव्हत्या, यांच्या तोंडाकडे बघत होत्या. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. पानाचं टोक काठाला टेकलं. डोलारा त्या टोकाला गेला, थांबला, असा यांना भास झाला, आणि परत फिरला.

अठरा. अठराव्या ओळीत टोक आत वळलं. एकोणीस. पान पुढे चाललं.

“श्वास घ्या आता,” बाई म्हणाल्या. “अजून सत्तावीस आहेत.”

ते तिथे पहिला स्वेटर पूर्ण होईपर्यंत, चाळीस मिनिटं, बसून राहिले. गळ्यापर्यंत पान आलं. बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, काठ ओढून पाहिला. “बरं आहे,” म्हणाल्या. ज्या माणसांना बरं एवढंच म्हणायची सवय असते, त्यांच्या ‘बरं’ची किंमत ज्याची त्यालाच कळते.

ऑफिसात सुसाटराव हे नाव त्या आठवड्यातच मेलं. कुणी ठरवून मारलं नाही, जीभच जुन्या नावाकडे वळली. तुफाननं दोन महिने लावून रेघा मोजणारी पद्धत लिहिली. आधी त्रेचाळीस नंबर पास केली, मग बाकीच्या. आता भाग पूर्वीच्या तिप्पट वेगानं पळतो आणि तरी ओळ कुठे संपली ते त्याला कळतं. निळी वही तिच्या खणात असते, आणि दोनशे बारा नंबरची नोंद तिच्या अक्षरात आहे. बिघडलेला हिरवा स्वेटर कुणालाच येत नव्हता, म्हणून तिनं तो आपल्या संगणकाच्या पडद्याच्या पाठीला घातला. येणाराजाणारा विचारतो. ती सतराव्या ओळीवर बोट ठेवून दाखवते.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी दुपारी सावकाशराव घरी वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर होते आणि बायको फोनवर होती. सतराव्या ओळीवरून तिची आणि लोकरवाल्या बाईंची फोनवरच गट्टी जमली होती. फोन ठेवून ती आली, सुया हातात घेतल्या, आणि सुरू झाली.

“बाई म्हणाल्या, गाणं असं झालं की काय सांगू, आणि सगळ्यात पुढे ती एवढीशी उभी होती, पहिल्याच वर्षाची, ती सारखी खाली बघत होती, तर गाणं शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, अगं समोर बघ, खाली काय बघतेस, तर ती म्हणाली, बघतेय, पान गळ्यापर्यंत आलंय का, आलंय की, किती छान, आणि आता पुढच्या वर्षी पानाशेजारी फूल करायचंय म्हणे, त्याची प्रत्येक ओळ तिरक्या रेघांवर संपणार, विचारून ठेव.”

सावकाशरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“थांब. ‘किती छान’ हे कोण म्हणालं? ती मुलगी, की बाई?”

बायकोनं एक टाका विणला. विचार केला.

“ते मी म्हणाले,” ती म्हणाली.

“हां,” सावकाशराव म्हणाले. “चालू दे.”